मीटरच्या पलीकडची जबाबदारी

परभणी जिल्ह्यातील चुडावा हे पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील एक लहान स्थानकाचे गाव. गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीच्या या मुलखात घरे साधारणपणे तीन प्रकारची असतात: जुनी माळवदाची, नवी सिमेंटच्या छताची, आणि चार भिंतींवर पत्रे टाकून उभी केलेली. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली बसवत नाही. म्हणून ऐपतीप्रमाणे आधी पंखा येतो आणि हंगाम बरा गेला की लोखंडी पत्र्याचा कूलर येतो. नळाला पाणी येते तेव्हा ते पुरेशा जोराने येत नाही, म्हणून नळाला अर्ध्या अश्वशक्तीची मोटार जोडली जाते. थंडीत पाणी तापवण्यासाठी बादलीत रॉड सोडला जातो. हे सारे श्रीमंतीचे चोचले आहेत असे कोणी म्हणणार नाही. मराठवाड्याच्या हवापाण्यात जगण्याची ही साधने आहेत.

याच साधनांमुळे दर उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात मराठवाड्यातील वृत्तपत्रांतून चार ओळींच्या बातम्या छापून येतात. कूलरमध्ये पाणी भरताना एखादी गृहिणी दगावते. पत्र्याच्या घराला बांधलेल्या लोखंडी तारेवर ओले कपडे टाकताना एखादी म्हातारी चिकटते, तिला सोडवायला धावलेला मुलगाही जातो. बातमीच्या शेवटी ‘गावात हळहळ व्यक्त होत आहे’ हे वाक्य असते आणि दुसऱ्या दिवशी ते प्रकरण संपते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार विजेच्या धक्क्याने या देशात अलीकडच्या काळात दर वर्षी बारा हजारांहून अधिक माणसे मरण पावली आहेत. म्हणजे दर दिवशी तीसहून अधिक. एवढी माणसे एखाद्या कारखान्यात मरती तर संसदेत गदारोळ झाला असता. ती एकेक करून, आपापल्या अंगणात मरतात, म्हणून त्यांची गणना दैवाच्या खात्यात होते.

या मरणांना दैव म्हणणे बरोबर नाही. घरातील वायरिंग बिघडते ते बहुधा एका क्षणात बिघडत नाही. ते महिनोन् महिने बिघडत जाते आणि बिघडत असताना खुणा देत राहते. त्या खुणा ओळखता येणे आणि ओळखल्यावर त्यांवर उपाय करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी थोडी माहिती पुरते. दुसरीसाठी पैसा, कुशल माणूस आणि जबाबदार यंत्रणा लागते. म्हणून हा विषय गृहविज्ञानाच्या पुस्तकापुरता राहत नाही, तो राजकारणाचा विषय होतो.

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित खूण म्हणजे झिणझिण्या. कूलरला, फ्रिजला, मोटारीच्या सांगाड्याला किंवा नळाच्या तोटीला हात लागला की बोटांत मुंग्या येतात. खेड्यातील घराघरांत यावर एक तोडगा रूढ झालेला आहे: ‘कूलरला हात लावताना पायात चप्पल घाल.’ काही ठिकाणी कूलरपुढे लाकडी फळी टाकलेली दिसते. हा तोडगा सांगणाऱ्याला बिघाड दिसलेला असतो, पण त्याने बिघाडासह नांदण्याची सवय करून घेतलेली असते. ही सवय का घातक आहे ते साध्या हिशेबाने कळते. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. कोरडा हात, कोरडी जमीन आणि पायात चप्पल असेल तर शरीरातून जाणारा प्रवाह फारच थोडा असतो, तो केवळ जाणवतो. तेच अंग घामाने भिजलेले आणि पाय ओल्या फरशीवर असतील तर शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो आणि प्रवाह दोनशे मिलिअँपिअरवर जातो. सुमारे दहा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडू लागतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. पन्नास ते शंभराच्या पुढे हृदयाची लय बिघडून मरण ओढवू शकते. याचा अर्थ असा की, काल ज्या कूलरने नुसत्या झिणझिण्या दिल्या तोच आज जीव घेऊ शकतो. कूलरमधील बिघाड तोच असतो, फरक पडतो तो तळपायाखालच्या ओलीचा. झिणझिण्या आल्या की त्या वस्तूचा पुरवठा बंद करून ती दुरुस्त होईपर्यंत न वापरणे एवढाच मार्ग आहे. मुंग्या नळाच्या पाण्यातून येत असतील तर दोष शेजारच्या घरातील मोटारीचाही असू शकतो. एकाच नळवाहिनीला दहा घरांच्या मोटारी लागलेल्या असतात तेथे एका घराचा बिघाड दहा घरांचा होतो.

दुसरी खूण उष्णतेची आणि वासाची. बटणाची पाटी, प्लगची खोबण किंवा फ्यूजची चिनी मातीची पेटी हाताला कोमट लागते. प्लग काढला तर त्याची पितळी टोके काळवंडलेली दिसतात. खोलीत मधूनच जळक्या प्लास्टिकचा, कधी सडक्या मासळीसारखा वास येतो आणि तो कोठून येतो ते सापडत नाही. बटणाच्या पाटीमागून गुणगुण किंवा चरचर ऐकू येते. या साऱ्यांचे मूळ बहुधा सैल जोडात असते. सैल जोडाला अर्धा ओहम रोध आहे असे धरू. एक अँपिअर प्रवाह जात असताना तेथे अर्धा वॉट उष्णता निर्माण होते आणि कोणाला काही कळत नाही. त्याच जोडातून पाणी तापवण्याच्या दीड हजार वॉटच्या रॉडचा साडेसहा अँपिअर प्रवाह गेला की उष्णता बेचाळीसपट होते, म्हणजे एकवीस वॉट. बटणाएवढ्या जागेत एवढी उष्णता तास-अर्धा तास राहिली की तारेवरचे आवरण वितळू लागते. उष्णतेने जोड आणखी सैल होतो आणि सैल झाल्याने तो आणखी तापतो. माळवदाच्या घरात ही तार बहुधा लाकडी सऱ्यांवरून गेलेली असते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी.

तिसरी खूण प्रकाशाची. दिवे लुकलुकतात, मंद होतात, कधी भलतेच प्रखर होतात. येथे थोडा विवेक करावा लागतो. साऱ्या गल्लीतील दिवे एकदम मंद होत असतील तर दोष बाहेरच्या तारांवर किंवा रोहित्रावर आहे. आपल्याच घरातील, किंवा घरातील एकाच खोलीतील दिवे लुकलुकत असतील तर दोष आपल्या जोडणीत आहे. पण काही दिवे मंद आणि काही एकाएकी डोळे दिपतील इतके प्रखर, किंवा आपल्याकडे प्रखर आणि शेजाऱ्याकडे मंद, असे झाले तर ती अतिशय गंभीर खूण समजावी. खांबावर किंवा रोहित्रापाशी न्यूट्रल तार तुटल्याचे ते लक्षण असते. अशा वेळी दोन निरनिराळ्या फेजवरची घरे परस्परांशी जोडली जातात आणि त्यांच्या दरम्यान चारशे व्होल्टचा दाब विभागला जातो. या विभागणीत ज्या घरात भार कमी त्या घरात दाब अधिक जातो. ज्याच्या घरी एक दिवा आणि एक दूरचित्रवाणी संच चालू आहे त्याच्याकडे तीनशेच्या वर व्होल्ट जाऊ शकतात, संच जळतो, कधी घरही पेटते. अशा प्रसंगी मुख्य स्विच बंद करणे आणि वीज कंपनीला कळवणे हे पहिले काम होय.

चौथी खूण म्हणजे वारंवार जाणारा फ्यूज किंवा वारंवार पडणारा स्विच. फ्यूज जातो तेव्हा तो आपले काम करीत असतो. पाच अँपिअरच्या फ्यूजची तार केसासारखी बारीक असते, कारण तिने वेळीच वितळावे अशीच योजना असते. खेड्यांत आणि शहरांतील झोपडपट्ट्यांत ही बारीक तार सहज मिळत नाही. मग वायरच्या तुकड्यातील तीन-चार पदर पिळून पेटीत बसवले जातात आणि ‘आता जात नाही’ याचे समाधान मानले जाते. फ्यूज जाईनासा होतो हे खरे. त्यानंतर भिंतीतील तार वितळते.

याखेरीज काही खुणा घराच्या बांधणीतच असतात. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत आणि त्याच भिंतीवरील बटणांची पाटी. उंदरांनी कुरतडलेली तार. पत्र्याच्या धारेवर घासत गेलेली सर्व्हिस वायर. दोन तारा पिळून त्यांवर गुंडाळलेली आणि उन्हाने सुटलेली चिकटपट्टी. पत्र्याच्या घरात तारेचे आवरण पत्र्याच्या धारेने कापले गेले की सारे घरच प्रवाहित होऊ शकते आणि त्या घराला बांधलेली कपड्यांची लोखंडी तारही. कपड्यांसाठी लोखंडी तारेऐवजी सुताची किंवा नायलॉनची दोरी वापरणे हा काही रुपयांचा उपाय आहे. तो प्रत्येक पत्र्याच्या घरात आजच करता येण्यासारखा आहे.

घरात फ्यूज किंवा आपोआप पडणारा छोटा स्विच आहे, तेव्हा धक्क्यापासूनही संरक्षण आहे, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो चुकीचा आहे. फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. पाच अँपिअर म्हणजे पाच हजार मिलिअँपिअर. माणसाला धोका पोचतो तो तीस मिलिअँपिअरच्या आसपासच. दीडशेपटीहून अधिक प्रवाह होईपर्यंत जो स्वस्थ बसतो त्याच्यावर जीव सोपवता येत नाही. माणसासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे अर्थिंग. उपकरणाचा लोखंडी सांगाडा हिरव्या तारेने जमिनीशी नीट जोडलेला असेल तर गळणारा प्रवाह माणसाऐवजी जमिनीचा रस्ता धरतो. पण खोबणीला तिसरे छिद्र असले म्हणजे अर्थिंग असते असे नाही. कित्येक घरांत ते छिद्र कोठेच जोडलेले नसते. जेथे जोडलेले असते तेथेही काळ्या जमिनीचा गुणधर्म आड येतो. ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि गाडलेल्या नळीभोवती पोकळी निर्माण होते. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घातले नाही तर त्या अर्थिंगचा रोध कित्येक पटींनी वाढतो. तो वीस ओहम झाला तर सांगाड्यावर उतरलेल्या फेजमधून जमिनीत जाणारा प्रवाह साडेअकरा अँपिअर होतो. सोळा अँपिअरचा स्विच त्याने पडत नाही आणि कूलरचा पत्रा जवळजवळ पूर्ण दाबाने भारलेला राहतो. म्हणजे ज्या महिन्यांत कूलर चालतो त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत दुबळे असते.

दुसरी गोष्ट म्हणजे गळती ओळखून क्षणार्धात पुरवठा तोडणारा स्विच. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत तीस मिलिअँपिअरची तफावत पडली की तो पडतो. ही युक्ती काही नवी नाही. त्याची किंमत आज साधारण दीड-दोन हजार रुपयांच्या घरात आहे. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे मजुराच्या पाच ते सात दिवसांच्या मजुरीइतकी ही किंमत. शहरातील सदनिकेत राहणाऱ्याला ती जाणवतही नाही. चुडाव्यासारख्या गावातील शेतमजूर कुटुंबाला आठवड्याची कमाई एका स्विचमध्ये घालणे अशक्यप्राय असते. बाजारात जीवरक्षण विकत मिळते हे खरे, पण ते विकत घेण्याची शक्ती ज्याच्याकडे नाही त्याच्याच घरात धोका सर्वांत अधिक आहे. पत्रा त्याच्याच घराला, ओल त्याच्याच भिंतीला आणि तारेचे जोड त्याच्याच छपराखाली.

ही परिस्थिती कशी निर्माण झाली? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज हा विषय त्यांच्या अखत्यारीत होता. स्वस्त आणि मुबलक वीज हा देशाच्या औद्योगिकीकरणाचा पाया आहे आणि औद्योगिकीकरण हा दारिद्र्यनिवारणाचा मार्ग आहे, ही त्यांची भूमिका होती. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्याराज्यांत वीज मंडळे स्थापन करण्याचा मार्ग मोकळा झाला आणि महाराष्ट्रात १९६० साली मंडळ स्थापन झाले. परभणी जिल्ह्याने या कार्यात आपला वाटा दिला. पूर्णा नदीवरील येलदरी धरणाच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे जलविद्युत केंद्र उभे राहिले, आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीला औष्णिक केंद्र. सार्वजनिक क्षेत्राने खेडोपाडी वीज नेली, ही समाजवाद्यांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

पण या कार्याचे मोजमाप एकाच मापाने झाले. किती गावे विद्युतीकृत झाली, किती जोडण्या दिल्या, याचे आकडे प्रसिद्ध होत गेले. १९८८-८९ मध्ये सुरू झालेल्या कुटीर ज्योती योजनेत गरिबाच्या घरी एका दिव्याची जोडणी दिली गेली. २०१७ साली सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत मीटर, एक दिवा आणि मोबाईल भारण्यापुरती सोय अशी जोडणी होती. योजना कागदावर योग्यच होत्या. मात्र माणूस एका दिव्यापाशी थांबत नाही आणि त्याने थांबावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. एका दिव्यासाठी ओढलेल्या तारेवर पुढे पंखा आला, दूरचित्रवाणी आली, मिक्सर आला, मोटार आली, कूलर आला. तार तीच राहिली. विकासाची आकांक्षा वाढली आणि तिचा भार वाहणारी तार मात्र योजनेच्या पहिल्या दिवसाचीच राहिली, असे या साऱ्या प्रकरणाचे सार आहे.

कायद्याने या तारेची जबाबदारी कोणावर टाकली आहे? वीज कंपनीची जबाबदारी मीटरपर्यंत, त्यापुढील सारे ग्राहकाचे, अशी वाटणी आहे. नवी जोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी-अहवाल जोडावा लागतो. तो अहवाल बहुधा घर न पाहताच दिला जातो हे सर्वांना ठाऊक आहे. पाहून दिला तरी तो जोडणीच्या दिवसापुरता असतो. पुढे तीस वर्षे त्या घरात डोकावणे हे कोणाचेही काम नसते. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ५३ सुरक्षिततेच्या उपाययोजनांचे आहे, कलम १६१ अपघाताची सूचना आणि चौकशी यांचे आहे, आणि कलम १६२ विद्युत निरीक्षकाच्या नेमणुकीचे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली सुरक्षिततेचे विनियम केले तेव्हा गळती ओळखणारा स्विच आवश्यक ठरवला, पण लहान जोडभाराच्या घरांना त्यातून सूट दिली. ही सूट गरिबावर खर्चाचा बोजा पडू नये म्हणून दिली असे सांगता येईल. बोजा नको असेल तर तो सरकारने उचलायचा असतो, संरक्षण काढून घ्यायचे नसते. ज्या घराला सूट मिळाली त्या घरातील माणसाच्या शरीराचा रोध काही अधिक नसतो.

घरेच कशाला, सार्वजनिक इमारतींचीही तीच कथा आहे. भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा अर्भके दगावली. चौकशीत आगीचे मूळ विजेच्या बिघाडात असल्याचा निष्कर्ष निघाला. तपासणी ही घटनेनंतर करण्याची गोष्ट आहे असे जेथे मानले जाते तेथे याहून वेगळे काय होणार?

या संदर्भात दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, लोक आकडे टाकतात, चोरून वीज घेतात, वाटेल तशा तारा जोडतात; मग दोष कोणाला द्यावा? आकडे टाकले जातात हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि आकडा टाकणारा स्वतःबरोबर शेजाऱ्याचाही जीव धोक्यात घालतो हे कार्यकर्त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. मताच्या लोभाने या बाबतीत गप्प बसणे हा लोकांशी केलेला द्रोह आहे. परंतु त्यामुळे यंत्रणा मोकळी होत नाही. रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने एका माणसाचा जीव घेतला त्या मध्य प्रदेश विद्युत मंडळाच्या खटल्यात, दुसऱ्या कोणीतरी चोरून वीज घेत असल्याने तार पडली, असा बचाव मंडळाने केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली तो फेटाळला. इतकी धोकादायक वस्तू पुरवण्याचा व्यवसाय करणाऱ्यावर तिच्यापासून होणाऱ्या हानीचे दायित्व येतेच, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. हा निकाल मीटरच्या अलीकडचा, म्हणजे कंपनीच्या तारेचा होता. त्यातील तत्त्व मीटरच्या पलीकडे कसे न्यावे हे ठरवणे विधिमंडळाचे काम आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. एवढी घरे तपासायची, एवढे स्विच बसवायचे, पैसा कोठून आणायचा? याला उत्तर सरकारच्या अंदाजपत्रकातच आहे. केंद्र सरकारने २०२१ साली वितरण क्षेत्राच्या सुधारणेची योजना मंजूर केली, तिचा एकूण आराखडा तीन लाख कोटी रुपयांहून अधिक होता आणि देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट त्यात होते. मीटर विजेची विक्री मोजतो. वसुली बिनचूक व्हावी यासाठी ज्या पेटीवर हजारो रुपये खर्च करण्याची तयारी आहे, त्याच पेटीशेजारी जीव वाचवणारा स्विच बसवायला मात्र पैसा नाही, हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीला उतरत नाही. कमावत्या माणसाचा मृत्यू, जळालेले घर, त्यानंतरचे सावकारी कर्ज आणि शाळेतून काढलेली मुले यांचा खर्च कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. तो नसतो असे नाही. तो गरीब कुटुंबाच्या खात्यावर टाकलेला असतो.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. लहान जोडभाराच्या प्रत्येक घरगुती जोडणीला मीटरबरोबर तीस मिलिअँपिअरचा गळती-स्विच आणि योग्य अर्थिंग सार्वजनिक खर्चाने मिळाले पाहिजे. दर पाच वर्षांनी अशा घरांच्या वायरिंगची विनामूल्य तपासणी झाली पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वायरमन आणि वीजतंत्रीचे शिक्षण घेऊन बेकार बसलेल्या तरुणांना या कामात रोजगार देता येईल. प्रत्येक रोहित्राच्या न्यूट्रलची व अर्थिंगची तपासणी उन्हाळ्यापूर्वी करून तिची तारीख व मोजमाप ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले पाहिजे. कलम १६१ खालील चौकशीचा अहवाल मृताच्या कुटुंबाला मराठीत दिला गेला पाहिजे. आणि खांबावर चढणारा कामगार कंत्राटी न राहता कायम झाला पाहिजे. ज्याची स्वतःची नोकरी सहा महिन्यांची, त्याच्याकडून गावाच्या सुरक्षिततेची दीर्घ जबाबदारी कशी मागणार?

मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसावे असे मात्र नाही. पहिल्या पावसापूर्वी आपल्या वस्तीतील घराघरांत परवानाधारक वायरमनला बरोबर घेऊन जाणे हे सभेइतकेच पक्षकार्य आहे. कार्यकर्त्याने स्वतः पाटी उघडू नये, तो त्याचा अधिकार नव्हे. त्याने प्रश्न विचारावेत. कशाला हात लावला की झिणझिण्या येतात? कोणते बटण तापते? जळका वास येतो का? दिवे एकाएकी प्रखर होतात का? फ्यूजमध्ये कोणती तार घातली आहे? घरातील स्त्रियांना हे प्रश्न अगत्याने विचारावेत, कारण कूलर, नळ, मोटार आणि ओले कपडे यांच्याशी दिवसभर त्यांचा संबंध येतो. ‘थोडासा करंट येतो’ ही तक्रार सर्वांआधी त्यांनीच केलेली असते आणि घरातील पुरुषांनी ती हसण्यावारी नेलेली असते. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढूनच भरावे. रॉड बंद करून प्लग काढल्याखेरीज बादलीतील पाण्याला हात लावू नये. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे धोका नाही असे समजू नये. ज्या घरी गळती-स्विच आहे तेथे त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही ते पाहावे. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे, पण तोंडी तक्रारीबरोबर ग्रामसभेचा लेखी ठराव उपविभागीय कार्यालयाला द्यावा, म्हणजे पुढे चौकशीच्या वेळी ‘आम्हाला कळवले नव्हते’ असे कोणाला म्हणता येणार नाही.

आणि कोणी चिकटलाच तर त्याला हाताने ओढू नये, हे लहान मुलालाही शिकवले पाहिजे. एका अपघातात दोन प्रेते निघतात ती या एका चुकीने. आधी मुख्य स्विच बंद करावा. तो सापडत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने तार दूर करावी. मग श्वास पाहावा, तो नसेल तर छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये, पुरवठा बंद करून माती किंवा वाळू टाकावी.

गावात वीज आली तेव्हा पहिला दिवा लागलेला पाहायला लोक जमले होते, असे जुनी माणसे सांगतात. तो आनंद खरा होता. स्वराज्य आपल्या दारापर्यंत आल्याची ती खूण होती. दारापर्यंत आलेली ती वीज घरात सुरक्षित नांदवण्याचे काम अजून उरलेले आहे. चुडाव्याच्या पत्र्याच्या घरातील बाई उन्हाळ्यात अनवाणी पायांनी, निर्धास्त मनाने कूलरमध्ये पाणी ओतू शकेल, तेव्हाच त्या गावाचे विद्युतीकरण पूर्ण झाले असे म्हणता येईल.